तेल न लावायची चकती

आत्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, ही बातमी गल्लीत सकाळी नऊला सुटली आणि साडेनऊपर्यंत तिला हातपाय फुटले. पाहणारा साक्षीदार इस्त्रीवाला. तो कुठलीही गोष्ट आधी आवंढा गिळून मग सांगतो. "बाई सायकलवर बसतात... जोरात पायडल मारतात... आणि मधेच, काही कारण नाही हो, हळू हळू होतात. समोर कुत्रंसुद्धा नाही. परत निघतात. परत तेच. वीस वेळा मोजलं मी." समोरच्या काकूंनी त्यात स्वतःची फोडणी घातली: घर विसरली असणार बिचारी, प्रत्येक दारापाशी आठवून बघतेय.

यातला वीसचा आकडा जवळजवळ खरा. बाकी सगळ्या बाजारगप्पा. आत्या ब्रेक मुरवत होती.

आत्या शिवणयंत्रं दुरुस्त करते. सत्तावीस वर्षं घरोघर फिरून. सायकलच्या कॅरियरला चौदा किलोची हत्यारांची पेटी, डाव्या हाताची दोन बोटं आखडलेली. ती बोटं तरुणपणी कारखान्यात मशीनच्या पट्ट्यात सापडली होती. तेव्हापासून वाकतात, पण जोर धरत नाहीत. जुन्या सायकलचे रबरी ब्रेक कोरड्या रस्त्यावर कसेबसे लागायचे. घराजवळचा उतार ओला असला की आत्या ब्रेकपेक्षा चपलेवर जास्त भरवसा ठेवायची. एकदा ती उतार उतरून घरी आली तेव्हा उजव्या चपलेचा तळ अर्धाच उरला होता. आमच्या बाबांनी ती चप्पल उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवली.

बाबा तिचे थोरले भाऊ. त्यांचं प्रत्येक वाक्य 'म्हणजे कसं' वर टेकतं. सायकल विकायची, म्हणजे कसं, बसने जायचं, म्हणजे कसं, हाडं तरी शाबूत राहतील. आत्याने ऐकून घेतलं. पेटी घेऊन तीन बस बदलायच्या आणि मग जिने चढायचे, तर दिवसाला दोन घरं होणार. आणि बिघडलेलं मशीन डोक्यावर घेऊन तिच्याकडे कोण येणार? सायकल गेली की धंदा गेला, हे तिला कळत होतं. बाबांना ते अजून उमगलेलं नव्हतं.

"दादा, एक महिना दे," ती म्हणाली. "भरल्या पेटीनिशी उतारावर थांबून दाखवते. नाही जमलं तर सायकलला तूच गिऱ्हाईक आण."

सायकलवाला दातांत स्क्रू धरून बोलतो, त्यामुळे त्याचा 'स' शिट्टीसारखा वाजतो. त्याने जुनी सायकल पाहून मान हलवली. डिस्क ब्रेकला पुढच्या चिमट्यावर आणि मागे सांगाड्यावर कान लागतात, ब्रेक अडकवायला. हिला कानच नाहीत. मग त्याच्याकडच्या वापरलेल्या सायकलींतून आत्याने कान असलेली एक निवडली. पुढचा प्रश्न, तारेचा ब्रेक की तेलाचा. सायकलवाला तारेच्या बाजूचा: तार तुटली तर रस्त्यात बदलता येते, पण तेलाच्या नळीत हवा शिरली की बाई तुम्ही रडाल आणि मी हसणार.

आत्या डोळे मिटून दुकानात टांगलेल्या दोन्ही नमुन्यांच्या लिव्हर त्या दोन आखडलेल्या बोटांनीच दाबत बसली. तारेची पंधराव्या खेपेला सुटली. तेलाची चाळीस वेळा दाबूनही बोटं तक्रार करेनात.

"तेलाचा," ती म्हणाली. "तुम्ही हसायची तयारी ठेवा."

बसवायचा मात्र तिने स्वतःच्या हातांनी. सायकलवाल्याने एकदा करून दाखवलं, तिने घरी येऊन केलं. चाकाबरोबर फिरणारी पोलादी चकती, आणि तिला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटणारा कॅलिपर. चकती बरोब्बर मधोमध यावी म्हणून कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करायचे, लिव्हर दाबून धरायची आणि तशीच धरून बोल्ट आवळायचे. या कामाला तीन हात लागतात. आत्याने तिसरा हात म्हणून परकराची नाडी लिव्हरला गुंडाळली. मग मागे पांढरा कागद धरून फट बघितली. सुई आणि हुक यांच्यातली केसाएवढी फट बघण्यात जिचा जन्म गेला, तिला ही फट म्हणजे सताड उघडा दरवाजाच. दुपारपर्यंत चाक भिंगरीसारखं फिरायला लागलं.

तिसऱ्या दिवशी ब्रेक ओरडला. चींऽऽ, अगदी कोरड्या मशीनसारखा.

इथे आत्याने जे केलं ते फक्त मशीनवालीच करू शकते. सत्तावीस वर्षांत तिच्या कानाला एकच अर्थ पाठ झालाय: कुरकुरतंय म्हणजे तहान लागलीय. हात आपोआप पेटीत गेला, डबी निघाली आणि चकतीवर दोन थेंब मशीनचं तेल पडलं. आवाज थांबला. समाधानाने ती निघाली. उतारावर लिव्हर दाबली तर चांगली घट्ट, पण सायकल काही ऐकेना. मागून हाक मारणारा कुणी ओळखीचाच नाही अशी सरळ चालली. आत्याने हँडल कुंपणाच्या झुडपात घातलं. कोपर खरचटलं, पेटी उघडली, बॉबिनी उतारभर धावल्या. त्या वेचताना ती कुणावर चिडली नाही. "मी घातलं," एवढंच म्हणाली. "मीच घातलं तेल."

सायकलवाला कबूल केल्याप्रमाणे हसला. मग स्क्रू तोंडातून काढून हातात घेतला, म्हणजे आता गंभीर. पॅड तेल प्यालेत, ते फेकायचे. चकती स्पिरिटने पुसायची, कोऱ्या फडक्याने, वर बोटसुद्धा लावायचं नाही. आणि नवे पॅड बसवले की मुरवायचे: वेग घ्यायचा, चाक न अडकवता दाबत दाबत मंदावायचं, पुन्हा वेग, असं वीसेक वेळा. पॅडचा पातळ थर चकतीवर बसला की पकड येते. पहिल्या वेळी हे केलं होतं का? नव्हतं केलं. त्याने सांगितलं होतं, पण आत्याला तो लहान मुलांचा खेळ वाटला होता.

आता तिने आख्ख्या गल्लीसमोर ते केलं. काकू गॅलरीतून बघत होत्या, इस्त्रीवाला मोजत होता. विसाव्यानंतर ती एकविसाव्यांदा गेली, हिशेबात कमी नको म्हणून. तेलाची डबी सायकलपासून दूर, दुसऱ्या खोलीत गेली. सायकलला हात लावायच्या आधी हात साबणाने धुवायचे. चाक काढलं तर पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा, चुकून लिव्हर दाबली गेली तरी पॅड चिकटू नयेत म्हणून. दर सोमवारी पॅडची जाडी बघायची.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाबांनी उताराच्या पायथ्याशी खडूने रेघ मारली आणि तिच्यावर ठेवायला वीट आणली.

"विटेला काय कळतंय?" आत्या म्हणाली. "तू उभा राहा."

बाबा वीट बाजूला ठेवून रेघेवर उभे राहिले.

सायकल ढकलत वर जाताना मी आत्याला म्हटलं, "बाबा उडी मारणार. लाव पैज."

"नाही मारणार," ती म्हणाली. मी जिंकले तर नवी सायकल रविवारभर माझी. हरले तर महिनाभर कुणाचीही नक्कल करायची नाही; गल्लीतल्या सगळ्यांचे आवाज काढायची माझी खोड तिला ठाऊक होती. झुरळ बघून खुर्चीवर चढणारे बाबा मला चांगले ठाऊक होते, म्हणून मी लगेच टाळी दिली.

ती भरली पेटी घेऊन उतारावरून आली. वेग चांगलाच होता. बाबांनी आधी मुठी आवळल्या, मग डोळे गच्च मिटले. पाय मात्र हलले नाहीत. आत्याने आखडलेली दोन बोटं लिव्हरवर टेकवली, आणि पुढचं चाक बाबांच्या पायाच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर आवाज न करता थांबलं.

डोळे मिटलेलेच ठेवून बाबांनी विचारलं, "आली का?"

तो आवाज अजून माझ्या घशात तयार आहे. पैज हरल्यामुळे एकतीस दिवस तो कुणालाही काढून दाखवता आला नाही.