गोंदणातली सुई

सुई शिरेत नव्हती, गोंदणात होती. वर्षा सिस्टरांनी ती बाहेर काढली, कापूस दाबला आणि माझ्याकडे पाहिलं. मी यंत्राकडे पाहिलं. हातावर अजून हिरवा उजेड पडला होता आणि त्यात काळ्या रेघा ठळक दिसत होत्या. त्यातली शीर कुठली, हे आता मलाही सांगता आलं नसतं.

ज्यांचा हात होता त्या पारशिवनीकडच्या आजी मात्र शांत होत्या. "अवं पोरी," त्या म्हणाल्या, "थे तं माह्या मायनं लगनाच्या आंधी गोंदवून देल्लं हाये. त्यात काय रगत भेटन?"

सिस्टर हसल्या. वॉर्डाच्या प्रमुख डॉ. कुंभारे मॅडम हसल्या नाहीत. "ट्रायल थांबवा," एवढंच म्हणाल्या.

मी डॉक्टर नाही. नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट आहे आणि तिथेच पुढचं शिकते. उमरेडला आमच्या घरात पूर्वी माग होता, आता नाही. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली. त्यामुळे इथे लिहिताना काही चुकलं तर समजून घ्यावं.

आमचं यंत्र म्हणजे शीर शोधणारा दिवा. रक्त एका प्रकारचा उजेड शोषून घेतं. तो डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. यंत्र तो उजेड हातावर सोडतं, कुठे शोषला गेला ते टिपतं आणि तेच चित्र हिरव्या रंगात परत हातावर पाडतं. शिरा काळ्या दिसतात. नर्सनं तिथे सुई लावायची. अशी यंत्रं बाहेर मिळतात, पण आम्हाला तालुक्याच्या दवाखान्यात ठेवता येईल असं करायचं होतं.

गोंदणाची शाई म्हणजे काजळी. काजळीही तोच उजेड शोषते. लॅबमध्ये हे आम्हाला कधी दिसलं नाही, कारण तिथले सगळे हात आमचेच होते. विशीतल्या मुलामुलींचे, कोरे.

ट्रायल म्हणजे यंत्र खऱ्या रुग्णांवर तपासून पाहणं. त्याला एथिक्स कमिटीची परवानगी लागते. रुग्णाचं नुकसान होऊ नये हे पाहणारी ही मंडळी. काही चुकलं की त्यांना कळवायचं आणि ते हो म्हणेपर्यंत यंत्र कुठल्याही रुग्णाला लावायचं नाही. दिवा वॉर्डातल्या कपाटात गेला. किल्ली मॅडमकडे.

आता पिंकीबद्दल सांगावं लागेल. पिंकी माझी धाकटी बहीण. तिला सिकलसेल आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. मग अॅडमिट करायचं, सलाईन लावायचं. टोचून टोचून तिच्या शिरा आत दडून बसल्या आहेत. शाळेत होते तेव्हापासून, सुई शोधाशोध करत असताना तिचा दुसरा हात मी धरते. मला यंत्र बनवायची हौस नव्हती. एकदा तरी तिला पहिल्याच सुईत मोकळं झालेलं पाहायचं होतं.

कमिटीचं उत्तर यायच्या आधीच आई तिला घेऊन आली. तोच वॉर्ड. सिस्टरांनी एकदा टोचलं, शीर सरकली. पुन्हा टोचलं, पुन्हा तेच.

"ताई, तुहा दिवा कुठी हाये?" पिंकीनं विचारलं.

"कपाटात."

"शोपीस म्हणून ठेवला का?"

"बंद केलाय. गोंदणावर चुकतो."

तिनं हात उलटा-सुलटा करून दाखवला. "मी कुठी गोंदलं? मंग मले काहून नाही?"

तिचं बरोबर होतं. मी मॅडमना कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"मॅडम, एकदाच. तिला गोंदण नाही. तिच्यावर नक्की चालेल."

"आजींच्या वेळीही तू 'नक्की चालेल' असंच म्हणाली होतीस."

त्यांनी वॉर्डाच्या दाराकडे हात केला.

"आणि बाजूच्या कॉटवरच्या बाई म्हणाल्या, इंजिनिअरच्या बहिणीला दिवा लावला, माझ्या पोरीला का नाही, तर काय सांगू?"

त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं. परत आले तर सिस्टर गरम टॉवेलनं पिंकीचा हात शेकत होत्या. मी दुसरा हात धरला. कपाट समोरच होतं. तिकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि तिकडेच पाहत राहिले. आणखी दोनदा टोचल्यावर शीर लागली. पिंकी तोवर बोलायची थांबली होती.

आई तिचं डोकं कुरवाळत होती. आईच्या मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण आहे.

"माह्या हातावर चुकन का तुही मशीन?" तिनं हळूच विचारलं.

"हो."

"मंग माह्याच हातावर शिकव न तिले."

पिंकीला घरी सोडल्यावर आई लॅबमध्ये आली. माझं कॉलेज तिनं पहिल्यांदाच पाहिलं. चपला दाराबाहेर काढल्या, नको म्हटलं तरी. लॅबमध्ये दिव्याचा दुसरा नमुना होता. सुई लावायची नव्हतीच, नुसती चित्रं घ्यायची होती. दंडाला पट्टा आवळायच्या आधी एक, नंतर एक. पट्टा आवळला की शीर फुगते. गोंदण फुगत नाही. जी रेघ फुगली तेवढीच दाखवायची, असं आम्ही यंत्राला सांगितलं. तशी सहजसोपी गोष्ट नव्हती, पण मूळ युक्ती ही. आई हिरव्या उजेडातल्या हाताकडे बघत राहिली. "बाप्पा, अशी हावो मी आतून!"

नंतर गोंदलेले आणखी हात मिळवले. कमिटीनं सगळं पुन्हा तपासलं आणि हो म्हटलं. ट्रायल पुन्हा सुरू झाली आहे. गोंदणावर दिवा आता क्वचितच अडखळतो.

मी पिंकीला फोन केला.

"मंग आता माहा नंबर?"

"नाही गं. संशोधकाच्या घरची माणसं ट्रायलमध्ये घेत नाहीत. यंत्र मंजूर होऊन दवाखान्यात आलं की मग."

"म्हंजे सगळ्याईच्या मागून?"

"सगळ्यांच्या मागून."

"मंग लवकर कर वं ताई. तवरीक शिरा उरल्या पाहिजे न."

यातून शिकले ते एवढंच. नवं यंत्र घेऊन वॉर्डात जायच्या आधी उमरेडच्या एसटीत उभं राहावं. वरची दांडी धरलेले हात पाहावेत. बांगड्यांचे, गोंदलेले, भाजलेले, सुकलेले. लॅबमध्ये नसतात ते सगळे हात तिथे असतात. मी शनिवारी घरी जाताना आता तेच पाहत जाते.