परक्यांचं राष्ट्रगीत

शहाऐंशी सालच्या फुटबॉल वर्ल्ड कपला मिठबावच्या आमच्या वाडीत टीव्ही आमच्याकडेच होता, त्यामुळे सगळी वाडी आमच्या ओटीवर. मॅचआधी खेळाडू रांगेत उभे राहिले, कुठल्याशा देशाचं राष्ट्रगीत लागलं, आणि आमचे मास्तर बाबा लुंगी सावरत ताठ उभे राहिले. शेजारीपाजारी फिदीफिदी हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांचा सदरा ओढत मी फिस्कारले, "बाबा, बसा मां! ता आपला न्हय."

पडद्यावरची नजर न हलवता ते म्हणाले, "दुसऱ्याची आवस घरात इली, तर तू बसान रवतलंस गो?"

हसणं थांबलं. एकेक जण उठला. मी मात्र त्यांचा सदरा धरून तशीच. तेवढ्यात गीत संपलं. कुणाची तरी आई घरी येऊन गेली होती, आणि मी बसूनच राहिले होते.