एका खिडकीतला मंडप

पौडात मंडपवाले तिघं, त्यात इस्माईलभाई सगळ्यात जुने आणि सगळ्यात हट्टी. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या गोडाऊनला लागूनच, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही. त्यांच्या वडलांनी बांबू आणि कनातींवर धंदा उभा केला, ह्यांनी लोखंडी खांब आणि झालरी आणल्या. पण गेल्या सीझनला तीन लग्नं हातची गेली. भूगावकडचे लॉनवाले म्हणे लॅपटॉपवर मंडप फिरवून दाखवतात.

"लोकांना मंडप घालायच्या आधीच बघायचाय," इस्माईलभाई म्हणायचे. "आता कोळवणच्या बहिरूच्या पोरीचं लग्न हाय. ह्ये बी गेलं तर गोडाऊनला कुलूप लावतो. लई झालं."

त्यांची लेक उझमा हिंजवडीत कंपनीत. पोरगी हुशार, पण रविवारी तरी तिला झोपू द्यावं की नाही? तर नाही. बापानं तिला कामाला जुंपलं. तिनं एक प्रोग्राम बनवला. डावीकडे यादी: खांब किती, पडदे किती, खुर्च्या किती. आकडे भरले की मंडपाचं चित्र तयार. गोची एकच, ते चित्र वेगळ्याच खिडकीत उघडायचं. चित्र आलं की यादी मागं दडायची, यादीला हात लावला की चित्र गायब.

"लपाछपी खेळायलाय का मंडप?" इस्माईलभाई खेकसले. "दोन्ही एकाच चौकटीत पायजेत. गिऱ्हाइकानं सोफा म्हणला की त्याच्या म्होरं सोफा दिसला पायजे."

"अब्बा, चित्र काढणारं इंजिन वेगळं आहे," उझमा म्हणाली. "त्याला आपल्या खिडकीत आणून बसवायचं म्हणजे घरजावई आणायचा. येईल, पण स्वतःच्या सवयी घेऊन येईल."

आला की हो घरजावई! पहिल्या रविवारी खिडकी मोठी केली तरी आपला कोपऱ्यात अंग चोरून बसला. दुसऱ्या रविवारी पसरला, तर सगळा कीबोर्ड त्याच्याच मालकीचा. इस्माईलभाई गिऱ्हाइकाच्या रकान्यात 'बहिरू' टाइप करतायत, रकाना कोरा आणि मंडप आपला गरागरा फिरतोय. यादी खाली सरकवायला माउसचं चाक फिरवलं, तर मंडप इतका जवळ आला की नुसता एक खांब दिसायला लागला. मी हसून हसून बेजार. शेवटी चाँदबीभाभी चहा घेऊन आल्या आणि लेकीला म्हणाल्या, "जावयाला एक पाट दे आणि सांग, त्याच्यावर असशील तेवढाच तुझा मान."

उझमानं नेमकं तेच केलं. चित्रावर क्लिक केलं तरच माउस आणि कीबोर्ड चित्राचा, एरवी यादीचा. चौथ्या रविवारी डावीकडे आकडा बदलला की उजवीकडे मंडप जागच्या जागी बदलू लागला. इस्माईलभाईंनी नुसत्या हौसेपोटी दोनशे खांब लावून पाहिले.

मग कोळवणची जीप आली. बहिरू, त्यांच्या मंडळी रंभाबाई, लेक सायली, थोरले चुलतभाऊ कुशाबा आणि आणखी चार पाव्हणे. मी माझा मोठा मॉनिटर दिला होता, "काचेला बोटं लावायची नाहीत" असं बजावून.

मंडप बघून सगळे खूश. लाल कार्पेट, स्टेज, समोर आठ सोफे. तेवढ्यात रंभाबाई म्हणाल्या, "त्या पयल्या सोफ्यावर माजा भाऊ बसंल."

"आन् मी काय चपला राखू?" कुशाबा उठले. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि एसटीच्या खिडकीतनं टाकावा तसा मॉनिटरवर टाकला. "ही जागा धरली!"

"अहो, माझा मॉनिटर आहे तो!" मी ओरडले. ऐकतंय कोण?

मग काय, जो तो आपापला सोफा सांगायला लागला. आत्या, साडू, माजी सरपंच. इस्माईलभाई बिचारे आकडा वाढवत गेले. आठाचे चौदा, चौदाचे बावीस. सोफे पडद्यातनं आरपार बाहेर गेले, मागचे स्टेजवर चढले.

"बाहेरचं कुणाचं?"

"साडूंचं."

"साडू उन्हात बसणार व्हय? सोयरिक मोडायचीय का?"

बहिरू वैतागून उठले. "ऱ्हाऊ द्या, इस्माईलभाई. लॉनच बघतो. तितं ज्याचं त्यो बघून घेतोय."

इस्माईलभाईंचा चेहरा पांढराफटक पडला. एवढे चार रविवार पाण्यात. मला कुशाबांचा असा राग आला म्हणता, रुमालासकट त्यांना रस्त्यावर काढावं वाटलं.

तेवढ्यात सायली पुढं सरकली. ती उझमाला म्हणाली, "ताई, माझ्या खुर्चीवरनं कसं दिसंल, दाखवाल?"

उझमानं सोफे आठावर आणले, चित्रावर क्लिक केलं आणि मंडप फिरवला. आता नवरीच्या जागेवरनं समोरची रांग दिसत होती. सायलीनं काचेवर बोट ठेवलं. मी काही बोलले नाही.

"ह्यो मामा. ह्ये कुशाबाकाका. ही आत्या..." शेवटच्या सोफ्यापर्यंत बोट गेलं. "आई, तू कुटं हायेस?"

"मी?" रंभाबाई हसल्या. "मला बसाया येळ कुटं? पाव्हणं कोण बघंल, जेवणावळी कोण बघंल?"

"म्हंजी माझ्या लग्नात मला तू दिसणारच न्हाईस?"

भावासाठी भांडणाऱ्या बाईनं स्वतःसाठी साधी खुर्ची मागितली नव्हती, आणि आमच्या कुणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं. कुशाबांनी हळूच रुमाल उचलला.

इस्माईलभाईंनी कीबोर्ड ओढला. सोफे शून्य केले. स्टेजवर नवरीच्या शेजारी एक खुर्ची मांडली. "ही आईची. बाकी समद्यांना सतरंजी. सतरंजीला पयली रांग नसती."

"गुडघं दुखत्यात माझं," कुशाबा पुटपुटले.

"गुडघंवाल्यांना कडंनं खुर्च्या देतो. पर मागं!"

बहिरू खाली बसले. बायकोकडे बघितलं. मग म्हणाले, "तारीख ल्ह्या, इस्माईलभाई."

लग्नाला मी गेले होते. पंगतीत कुशाबा स्वतः भात वाढत होते, आणि गुडघ्यांचं नावही काढत नव्हते. अक्षता पडल्या, नवरा-नवरी बसले, शेजारी रंभाबाई बसल्या, पण बसल्यासारख्या नाहीतच. सगळं लक्ष स्वयंपाकाकडे. आचाऱ्यानं लांबून हात केला तशा त्या अर्ध्या उठल्या.

सायलीनं समोर बघत बघतच आईचा पदर मुठीत धरला आणि सोडला नाही. रंभाबाई परत बसल्या आणि सगळ्या गावासमोर ढसाढसा रडल्या, पण जागेवरनं हलल्या नाहीत.