पाय काढू दिला नाही

"गुडघ्याखाली पाय काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "नाही काढायचा," मी म्हटलं. आमचे हे माझ्याकडे बघतच राहिले.

आजाराचं नाव ऑस्टिओमायलायटिस, म्हणजे हाडात मुरलेला जंतुसंसर्ग. कारखान्यात पाय मोडला, रॉड घातला, जखम भरली आणि पुन्हा फुटली. वर्षभर पू येत होता. मी फाइल उचलली आणि मुंबईला संसर्गाच्या डॉक्टर मॅडमकडे गेले.

"आजवर कोणत्या गोळ्या घेतल्या?" त्यांनी विचारलं.

खरं सांगायची लाज वाटत होती. बुवापाड्यात आमच्या चाळीत बिस्किटांचा एक डबा आहे. कुणाला बरं वाटलं की त्याच्या उरलेल्या गोळ्या त्यात जातात. पाय ठणकला की मीही त्यातल्या अँटिबायोटिक दोन-तीन दिवस घ्यायची आणि सोडायची. पुढच्या खेपेला मी तो डबाच नेला. मॅडमनी पाकिटं टेबलावर मांडली. शेजारी माझा कल्चर रिपोर्ट ठेवला. पुवातल्या जंतूंवर कोणतं औषध चालतं, ते त्यात कळतं.

"यातलं एकही आता चालणार नाही," त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी बॅक्टेरिओफेज समजावलं. हा जंतूंचा विषाणू. ठरावीक जंतूत शिरतो, आत वाढतो आणि त्याला फोडून बाहेर पडतो. आपल्या पेशींच्या वाटेला जात नाही.

"मिळतो कुठे?"

"गटाराच्या पाण्यातही. लॅबमध्ये शुद्ध करतात."

"म्हणजे त्या वालधुनी नाल्याचं घाण पाणी हिच्या पायात घालणार?" हे म्हणाले.

"कुठलं का असेना, घाला," मी म्हटलं.

"हा अजून प्रयोग आहे. गॅरंटी नाही," मॅडमनी बजावलं.

रुग्णालयाच्या समितीने परवानगी दिली, पण माझ्या जंतूला लागू पडणारा फेज दोनदा मिळाला नाही. नणंदेने कुबड्या आणून ठेवल्या. मी त्या माळ्यावर टाकायला लावल्या. तिसऱ्यांदा फेज जुळला.

ऑपरेशन करून हाड खरवडलं. मग जखमेत बसवलेल्या नळीतून रोज फेज, जोडीला सलाइनमधून एक वेगळं अँटिबायोटिक. दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. आठव्या दिवशी ड्रेसिंग कोरडं निघालं आणि मी सिस्टरच्या गळ्यात पडून रडले.

तुम्हाला फेज मिळेलच असं नाही. कधी पाय काढणं हाच इलाज असतो. पण आणखी एका डॉक्टरला विचारा, आणि त्यांच्यापासून काही लपवू नका.

गुडघा अजून पुरता वाकत नाही. परवा विठ्ठलवाडी स्टेशनच्या जिन्यावर मागून एक मुलगी म्हणाली, "मावशी, लंगडताय ना, साइडने चला."

"थांब जरा," मी म्हटलं, "दोन पायांनी चढतेय."