जावेचं मशीन

कुणकेश्वराच्या अलीकडे, माडांच्या मागे दडलेल्या त्या वाडीत तुळसाच्या हातची कुंची घातल्याशिवाय मूल पाळण्यात पडत नसे. कोणाकडे बाळंतपण झालं की चार दिवसांत तिच्या घरापुढच्या खळ्यात कोणीतरी यायचं आणि जुन्या लुगड्याचा मऊ पदर पुढे करायचं. तुळसा भाताला आधण ठेवता ठेवता, शेवंतीच्या वेण्या घालता घालता, बाळाला थोपटता थोपटता ती कुंची पुरी करायची. टाका असा बारीक, की कापडाची उलटी बाजूसुद्धा सुलटी म्हणून खपून जाई. नवरा दत्ताराम गलबतावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. पावसाळा सोडला तर तो घरी नसायचाच. घरात सासू काशीबाई, आठ वर्षांची शेवंती आणि तिच्या पाठचा बाळा. काशीबाई सुनेचं तोंडावर कौतुक करणाऱ्यांतली नव्हती. पण कुंची बघायला आलेल्या बायकांपुढे ती मुद्दाम उलटी करून दाखवायची. तुळसाला तेवढं पुरत असे.

सत्तावन सालच्या दिवाळीनंतर धाकटी जाऊ नर्मदा मुंबईहून आली. दीर गुरुदास गिरणीत होता. नर्मदेची दोन मुलं पोटातच गेली होती आणि आता काही दिवस गावच्या हवेत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बैलगाडीतून ती उतरली तेव्हा अंगावर हाडं तेवढी होती. तुळसाचा जीव कळवळला. आंघोळीला ऊन पाणी, पेजेवर चमचाभर तूप, सगळं तिने आपल्या हाताने केलं. मग गाडीवाल्याने एक लाकडी पेटी उतरवून ओटीवर ठेवली. नर्मदेने झाकण उचललं. आत हाताने फिरवायचं काळं मशीन होतं, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. शेवंती आणि बाळा पेटीशी जे बसले ते जेवायला हाक मारली तरी उठेनात.

नर्मदेला जरा ताकद आल्यावर खडखड सुरू झाली. गिरणीतून गुरुदास कापडाचे उरलेसुरले तुकडे धाडायचा. त्यातून महाशिवरात्रीच्या जत्रेआधी नर्मदेने शेवंतीला फ्रॉक शिवला. पिवळा, खाली झालर, फुग्याच्या बाह्या, मागे बांधायला पट्टा.

"आये, बघ! काकीन माका शिवल्यान!" शेवंती चुलीपाशी येऊन गरगर फिरली. झालर तव्याला लागता लागता राहिली.

"लांब हो, जळात," तुळसा म्हणाली. एवढंच म्हणाली. जत्रेत कुणकेश्वराच्या समुद्राकाठच्या पुळणीवर तिला जी बाई भेटे ती आधी शेवंतीला जवळ ओढून बाही चाचपून बघे. "तुझ्या जावेचो हात म्हणजे काय गो, तुळशे!" तुळसा हसून मान हलवी. दर्शनाच्या रांगेत उभी असताना तिच्या लक्षात आलं, की शेवंतीने एका हाताने काकीचं बोट धरलंय. दुसऱ्या हातात जत्रेतलं गोड खाजं होतं. आईच्या वाट्याला हात उरलाच नव्हता.

जत्रेहून परतल्यावर तिने ट्रंक उघडली. दत्तारामाने मंगळूरहून आणलेलं निळं छापील कापड तिने स्वतःच्या चोळीसाठी जपून ठेवलं होतं. ते काढलं आणि फ्रॉक बेतला. कोणाला विचारलं नाही, माप घेतलं नाही. आपल्या पोरीचं माप आपल्याला ठाऊक नाही तर कोणाला! दुपारी सगळी लवंडली की ती मागच्या पडवीत बसे. टाके नेहमीसारखे सुरेख पडले. पण फुग्याची बाही तिने उभ्या जन्मात शिवली नव्हती. एक फुगा टोपलीएवढा झाला, दुसरा चिमणीएवढा.

शेवंतीने फ्रॉक घातला आणि मान तिरकी करून खांद्यांकडे पाहिलं. "आये, एक बाही वर आसा नि एक खाली."

"घालून जा. अंगावर बसतली."

पोर गुमान शाळेत गेली. संध्याकाळी आली ती डोळे सुजवून. दप्तर टाकून सरळ काकीकडे गेली. तुळसाने दाराआडून पाहिलं. नर्मदा कात्रीच्या टोकाने तो मोठा फुगा उसवत होती, एक एक टाका, अगदी हळू. उसवताना म्हणाली, "किती बारीक टाको घालता गो तुझी आवस! उसवूक जीव होत नाय."

तुळसाला ते कौतुक चटणीसारखं झोंबलं. वाईट बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

चैत्रात शेजारच्या सुभद्रेला मुलगी झाली. तुळसाने वाट पाहिली. चार दिवस गेले, आठ गेले, पदर घेऊन कोणी आलं नाही. बाळंतीण आजारी असेल, गडबडीत असतील, अशी तिने स्वतःची समजूत काढली आणि आपल्याच जुन्या अंजिरी लुगड्याची कुंची शिवून ठेवली. बारशाला ती पदराखाली घेऊन गेली. पाळण्यात बघते तर पोरीच्या डोक्यावर नवीकोरी लाल कुंची, काठाला पांढरी लेस.

"अगो, तू कित्याक त्रास घेतलंस?" सुभद्रा ओशाळली. "नर्मदेन एका दुपारात करून दिल्यान. ही ऱ्हावंदे, मगे घालतंय."

"मगे कित्याक? असांदे," तुळसा म्हणाली. कुंची तिने पदराखालीच ठेवली, पाळणा म्हटला, घुगऱ्या घेतल्या, हसत घरी आली. आणि चूल फुंकताना डोळ्यांतून जे पाणी वाहायला लागलं ते धुराचं आहे असं समजून काशीबाई म्हणाली, "लाकडां ओली आसत काय गो?"

त्या दिवसापासून तिला मशीनचा आवाज सहन होईना. खडखड सुरू झाली की ती उगाच भांडी आपटे. बाळाने काकीने शिवलेली चड्डी मागितली की चड्डी वाळली नाही म्हणे. नर्मदेने चिंबोऱ्यांचं सार केलं आणि पोरांनी बोटं चाटली, तर दुसऱ्या दिवशी तिने तेच सार दुप्पट खोबरं घालून केलं. वाडीला हे दिसत नव्हतं थोडंच! विहिरीवर बायका नर्मदेचं नाव काढून तुळसाच्या तोंडाकडे बघत आणि तोंडाला पदर लावत.

गणपतीच्या चवथीला गुरुदास गावी येऊन गेला आणि नर्मदेला दिवस राहिले. या खेपेला सगळ्यांनी तिला तळहातावर झेललं. मशीनवर झाकण पडलं. पुढच्या मे महिन्यात तिला मुलगा झाला. काळासावळा, गुबगुबीत. नाव ठेवलं भिकाजी, मागून घेतलेला म्हणून. दोन मुलं गमावलेली बाई ती. तिला त्या मुलापलीकडे काही दिसेनासं झालं. शेवंती जवळ गेली की, "हात धुवन ये." धुऊन आली की, "आता नको, निजलो." मांडीवर तर जागाच नव्हती.

पहिल्यांदा तुळसाला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगा? पोर काकीच्या खोलीच्या दारातून परत फिरली की ती मनात म्हणे, आता कळलं? आता ये आईकडे. पण शेवंती आईकडे आली नाही. मागच्या दारी फणसाखाली जाऊन बसायला लागली. जेवताना भात चिवडायची. तिला असं बसलेलं पाहून तुळसाचं बरं वाटणं आटत गेलं. आणि मग तिला राग आला, तोही नर्मदेचाच. माझी पोर ओढून घेतलीस ती घेतलीस. आता टाकतेस होय?

पौषात भिकाजीचं उष्टावण ठरलं. गुरुदासाने मुंबईहून गुलाबी साटीन धाडलं होतं. हे साटीन खरं तर नर्मदेने वर्षापूर्वीच त्याच्याकडे मागितलं होतं, शेवंतीच्या परकरासाठी. परकराला सोनेरी किनार लावायचीही ठरली होती; शेवंतीने शाळेतल्या सगळ्या मुलींना सांगून ठेवलं होतं. ते कापड आलं, मशीनवरचं झाकण निघालं, आणि त्यातून भिकाजीचं झबलं आणि टोपडं झालं. नर्मदेला परकराची आठवणसुद्धा राहिली नव्हती.

उष्टावणाच्या आदल्या दुपारी नर्मदेची किंकाळी ऐकू आली. सगळी धावली. झबलं खाटेवर पडलेलं, पुढून मागून कातरलेलं. टोपड्याचे तर तुकडे तुकडे.

"कोणी केल्यान ह्या?" काशीबाई कडाडली. "खरा सांगा! पोराच्या उष्टावणाचा कापड!"

तुळसा मागच्या दारातून आत आली होती. शेवंती दाराच्या आडोशाला खांबाला चिकटून उभी. तिच्या झग्याला साटिनाच्या गुलाबी दशा लागल्या होत्या, ओठ पांढरे पडले होते. तुळसाने त्या दशा पाहिल्या. पोरीच्या पुढ्यात येऊन उभी राहत तिने मागे हात नेला आणि दशा झटकून टाकल्या.

"मिया कापलंय," ती म्हणाली.

बोलून गेल्यावर तिलाच कळेना आपण काय बोललो. ती थांबली. कोणीतरी म्हणेल, तू? भलतंच काय! असं तुझ्या हातून होणार नाही. पण कोणी म्हटलं नाही. सासूने नाही, आवाज ऐकून आलेल्या सुभद्रेने नाही, नर्मदेने नाही. सगळ्यांना ते लगेच पटलं.

"माका म्हायत होता," काशीबाई म्हणाली. "तुझ्या पोटात काय जळता ता माका दिसत नाय होता? पण लेकराच्या कापडार कात्री? हात झडले नाय तुझे?"

तुळसा खाली मान घालून उभी राहिली. सासूचे शब्द तिला तितके लागले नाहीत. लागलं ते हे, की आपण अशा झालो आहोत आणि सगळ्यांना ते कधीचं ठाऊक आहे.

उष्टावण जुन्या झबल्यात झालं. तुळसाला पंगतीत वाढू दिलं नाही. नर्मदा तिच्याशी बोलायची बंद झाली, वाडीतल्या बायका विहिरीवर तिला जागा करून देत, जरा जास्तच. शेवंती आईच्या मागे मागे असायची, पण एक शब्द बोलत नव्हती. तुळसानेही तिला विचारलं नाही. वाट बघत होती, पोर आपणहून सांगेल, गळ्यात पडून रडेल.

एके सकाळी ती पडवीत सुकट निवडत होती. नर्मदा भिकाजीला कडेवर घेऊन आली आणि समोर बसली.

"वैनी, शेवंतीन माका सांगल्यान."

"काय सांगल्यान?"

"सगळा. काल माझ्या पायार पडान रडला चेडू."

तुळसाचा हात थांबला. खरं सांगायलासुद्धा पोर तिच्याकडेच गेली! ज्या आईने तिचं पाप आपल्या अंगावर घेतलं तिच्याकडे नाही. त्या क्षणी जो जळफळाट झाला तसा फ्रॉकच्या वेळी झाला नव्हता, कुंचीच्या वेळीही नाही.

"तुमी कित्याक आपल्यार घेतलास?" नर्मदेने विचारलं.

"माझा चेडू आसा ता. आणखी काय करूचा होता?"

भिकाजी सुकटीत हात घालायला बघत होता, त्याला नर्मदेने मागे ओढलं. "चूक माझी," ती म्हणाली. "साटीन शेवंतीच्या परकरासाठी मागवलंय आणि इसारलंय. पण एक सांगतंय. ह्या घरात इलंय तेव्हापासून माका तुमचो हेवो वाटता."

"माजो? माज्याकडे काय आसा?"

"पोरा पडली, धडपडली काय 'आये' म्हणान बोंबलतत. माका कधी हाक मारतत? नवा कापड इला काय तेवढीच. मी फ्रॉकार फ्रॉक शिवलंय, तरी रात झाली काय तुमच्या कुशीत. मी पलीकडे आयकत पडायचंय."

तुळसाने तिच्याकडे पाहिलं. हे तिच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. गळ्यात पडावं असं तिला वाटलं नाही. खोटं का बोला, किंचित समाधानच वाटलं. सुकटीतले खडे वेचून तिने बाजूला टाकले, मग म्हणाली, "ता मशीन माका शिकव."

नर्मदेने शिकवलं. त्याच दिवशी तिने काशीबाईला खरी गोष्टही सांगितली. म्हातारी तुळसाला एक शब्द बोलली नाही, पण दुपारी तिच्या पानात माशाचं मानाचं डोकं वाढलं. तुळसाला मशीन काही लवकर जमलं नाही. उजव्या हाताने मूठ फिरवायची आणि डाव्याने कापड सरकवायचं, तिची सगळी शिवण वाकडी जायची आणि तोंडाने शिव्या सुरू असायच्या. शेवंती शेजारी बसून हसायची. आधी नर्मदेकडे बघून हसायची, मग आईकडे. हा क्रम तुळसाच्या लक्षात यायचाच.

बासष्ट साली गुरुदासाला चाळीत खोली मिळाली. नर्मदा, भिकाजी आणि मशीन मुंबईला निघाले. सगळी देवगड बंदरावर पोचवायला गेली. आगबोट लांब उभी होती, माणसं पडावातून न्यायची होती. पडाव सुटायच्या वेळी बाळाने काकीच्या कमरेला मिठी मारली आणि गळा काढला. नऊ वर्षांचा घोडा, सोडेचना. नर्मदेने तुळसाकडे पाहिलं, घ्या म्हणून.

तुळसाच्या छातीत ती जुनी ओळखीची कळ आली. एरवी तिने पोराला बखोटीला धरून ओढलं असतं.

"ऱ्हावंदे थोडो वेळ," ती म्हणाली आणि पडाववाल्याला ओरडून सांगितलं, "दम धर रे, माणसां निरोप घेतत!"

ती वाळूत उभी राहिली. कळ गेली नाही, पण तिने ती सोसली. बाळाचं रडणं ओसरेपर्यंत, पडाववाला कातावून शिव्या घालेपर्यंत, ती तशीच उभी होती.