रोबोटभोवतीची रेघ

इस्लापूरजवळच्या आमच्या शाळेत पहिलीची निम्मी पोरं बंजारा तांड्यावरची, घरी गोरमाटी बोलणारी. त्यांना मी मराठी अंगानं शिकवायचे. तांब्या हातात देऊन ‘घे’ म्हणायचं, ओंजळ पुढं करून ‘पाणी दे’. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर शेरा मारला, ‘वर्गात गोंधळ. शिस्त नाही.’

गेल्या वर्षी त्याच साहेबांनी माणसासारखा रोबोट आणला. हात पुढं करणारा, मान वळवणारा. भाषा नुसत्या कानानं येत नाही बाई, अंगानं येते, असं त्यांनी मलाच समजावून सांगितलं. माझंच मला शिकवून राहिला हा माणूस, असं मनात आलं. पण मान डोलावली. नोकरी करायची होती.

हार घालून, नारळ फोडून रोबोटची पूजा झाली. मग मुख्याध्यापकांनी हात तेवढे मोकळे ठेवून त्याला प्लास्टिक गुंडाळलं आणि भोवती चुन्याची रेघ मारली. रोबोट हात पुढं करून म्हणायचा, "पाणी दे." पोरं तांब्या घेऊन उठली की मुख्याध्यापक बोट उगारून ओरडायचे, "हात लावू नका! लई महाग हाय ते." रोज हेच.

एक पोरगी शाळेत आल्यापासून मराठीत अवाक्षर बोलली नव्हती. एका सकाळी मी रोबोटवरची धूळ पुसायला गेले, तर ती धावत येऊन रेघेवर आडवी उभी राहिली. बोट उगारून, एकही चूक न करता मला म्हणाली, "हात लावू नका."