अंत्यदर्शनाची वेबसाइट

बिब्लियान गावात माणूस गेलं की आधी पाद्री येतो आणि त्याच्या पाठोपाठ कॅमेरा घेऊन नूबे तेनेसाका. निम्मं गाव न्यूयॉर्कला, तेही कागदपत्रांविना. तिथून एकदा बाहेर पडलेल्याला पुन्हा आत शिरता येत नाही. म्हणून गावचा अंत्यविधीवाला आपल्या वेबसाइटवरून सगळं थेट दाखवतो, आणि ती वेबसाइट नूबे सांभाळते. पहिल्या वर्षी ती कॅमेऱ्यामागे उभी राहून रडायची. आता कुणी हंबरडा फोडला, तर आवाज फाटत नाही ना, एवढंच बघते.

एदेलमिराबाईंच्या वेळी सकाळीच वेबसाइट पांढरीफटक पडली. त्यांची एकुलती लेक ब्लांका तिकडे रजा टाकून फोनसमोर बसली होती. शवपेटी बंद व्हायच्या आत तिला आईचं तोंड बघायचं होतं. इथे तिचं होतं कोण? म्हातारा बाप, त्याच्याकडे बटणांचा फोन.

"ताई, नुसतं पांढरं दिसतंय," ब्लांकाचा मेसेज आला.

"बघतेय," नूबेने लिहिलं.

रात्रीतून वेबसाइटला जोडलेले छोटे प्रोग्राम, म्हणजे प्लगइन, आपोआप अपडेट झाले होते आणि त्यातला कुणीतरी प्रक्षेपणाच्या प्लगइनच्या जिवावर उठला होता. यावर रीत एकच. सगळे बंद करायचे, मग एकेक चालू करून कुठे बिघडतं ते बघायचं.

"फुलांच्या ऑर्डरींच्या प्लगइनला हात लावू नकोस हं," मालक अर्सेनियो मागून म्हणाला. "मढ्यांवर माझं पोट भरत नाही बाई, फुलांवर भरतं."

"आणि तोच चोर निघाला तर?"

"तर चोराला शेवटी पकड."

पगार त्याचा, मग शहाणपणही त्याचंच. नूबेने फुलं सोडून बाकी सगळे बंद केले. पान पांढरंच. होस्टिंगवाल्यांना विचारलं, त्यांनी साठवलेली जुनी पानं पुसायला सांगितली. तीही पुसली. शेजारच्या दालनात रात्रभर हुआयरूचे, म्हणजे जागरणातल्या फाशांचे, डाव टाकून जागलेली माणसं उठून उभी राहिली. पाद्रीबाबांना दुसऱ्या गावी मिस्सेची प्रार्थना होती. शेवटी मालकाची पाठ वळल्यावर नूबेने फुलं बंद केली, आणि चित्र लख्ख उमटलं.

"आता दिसतंय?" तिने ब्लांकाला विचारलं.

"दिसतंय." मग दुसरा मेसेज, "पेटी बंद आहे, ताई."

"हो. पाद्री थांबले नाहीत."

"तुम्ही कुठे होतात?"

"शेजारच्या खोलीत."

"मग हाच फोन उचलून आईच्या तोंडासमोर धरला असता, तरी चाललं असतं मला."

नूबेने ते दोनदा वाचलं. आता वाईट वाटेल म्हणून ती थोडी थांबली. काही वाटलं नाही. सकाळपासून फोन तिच्या हातात होता आणि तिचं डोकं वेबसाइटमध्ये.

"सुचलं नाही," तिने लिहिलं, कारण खरंच सुचलं नव्हतं. माणसांनी पेटी खांद्यावर घेतली, तसा तिने कॅमेरा दाराकडे वळवला.